हॉकीच्या जन्मगावांची झाडाझडती : किंग्स्टन, माँट्रियल, ओटावा

पहिला दिवस : किंग्स्टन

टोरोंटोच्या युनियन स्टेशनवरून सकाळी निघालेली गाडी ऑन्टॅरिओ सरोवराच्या उत्तर किनाऱ्याने पूर्वेकडे जाते आणि सुमारे अडीच तासांत किंग्स्टनला पोहोचते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता आणि सरोवराचे पाणी पूर्ण मोकळे झाले होते. आइस हॉकीच्या इतिहासाचे अभ्यासक बर्फाचा मागमूसही उरलेला नसताना एकत्र जमतात, याचे नवख्या माणसाला नवल वाटेल. पण हिवाळ्यात यांपैकी निम्मे लोक स्वतः खेळत तरी असतात किंवा नातवंडांना भल्या पहाटे रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, पोहोचवत तरी असतात, आणि उरलेले टीव्हीसमोरून हलत नाहीत. मी स्वतः खेळाडू नाही. स्केट घालून उभे राहण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. मला ओढ आहे ती जुन्या वृत्तपत्रांची, आणि या खेळाचा सुरुवातीचा इतिहास जवळजवळ सगळाच्या सगळा जुन्या वृत्तपत्रांत दडलेला आहे, असे कळल्यावर या मंडळींच्या मेळाव्याला जाण्याचे मी ठरवले.

मेळावा किंग्स्टनला भरण्याला अर्थ आहे. सोसायटी फॉर इंटरनॅशनल हॉकी रिसर्च ही अभ्यासकांची संस्था १९९१ साली याच गावात मोजक्या लोकांनी सुरू केली. तिचे पहिले अध्यक्ष बिल फिट्सेल हे इथल्या व्हिग-स्टँडर्ड या दैनिकाचे पत्रकार. पुढे तिचे सभासद अनेक देशांत पसरले. कॅनडाचे माजी पंतप्रधान स्टीफन हार्पर हेही त्यांपैकी एक. मी ज्या छोट्या मेळाव्याला गेलो, तिथे भेटलेले बहुतेक जण या संस्थेशी या ना त्या प्रकारे जोडलेले होते.

माझा भाचा इथल्या क्वीन्स विद्यापीठात शिकतो. दुपारी त्याने मला बंदरावर नेले. चुनखडीच्या दगडाचे भव्य नगरभवन, त्याच्या समोर पाण्यात उभा असलेला शोल टॉवर नावाचा गोल बुरूज, पलीकडे पॉइंट फ्रेडरिकवर रॉयल मिलिटरी कॉलेजच्या इमारती आणि त्यामागे टेकडीवर फोर्ट हेन्री, असा सगळा देखावा एका नजरेत मावतो.

"मामा, इथे कोणालाही विचार, हॉकी याच पाण्यावर जन्मली असं सांगेल," तो म्हणाला. "आणि उद्या तू ज्यांच्यात जाऊन बसणार आहेस, ते सांगतील की नाही जन्मली."

त्याचे म्हणणे बरोबर होते. किंग्स्टनचा दावा उभा केला तो कॅप्टन जेम्स सदरलँड यांनी. लष्करात सेवा केलेला आणि हौशी हॉकीच्या संघटनेत आयुष्य घालवलेला हा गृहस्थ आपल्या गावाच्या अभिमानाने भारलेला होता. इथल्या छावणीतल्या रॉयल कॅनेडियन रायफल्सच्या सैनिकांनी १८५५ च्या नाताळात बंदराच्या बर्फावर पहिली हॉकी खेळली, असे ते सांगत. एडविन हॉर्सी या रहिवाशाची १८४७ च्या सुमाराची रोजनिशीही दाव्याच्या बाजूने पुढे केली जाई. शोल टॉवर आणि पॉइंट फ्रेडरिक अशा दोन टोकांना गट उभे राहत आणि दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किंवा त्याहून जास्त खेळाडू असत, असे तिच्यात म्हटले आहे. किनाऱ्यावर उभे राहून मी त्या दोन टोकांमधले अंतर डोळ्यांनी मोजून पाहिले. एवढ्या मैदानावर शंभर माणसे काठ्या घेऊन धावत असतील, तर तो खेळ नक्कीच रंगत असणार. पण रोजनिशीत त्याला नाव दिले आहे ‘शिनी’, आणि त्याचे नियम, वेळ, गोल यांविषयी एक अक्षरही नाही.

कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेने नेमलेल्या समितीने १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला किंग्स्टनच्या बाजूने निकाल दिला आणि १९४३ मध्ये हॉकीचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाचे दालन, याच गावाला मिळाले. समितीत सदरलँड स्वतःच होते, ही गोष्ट इथले लोक आज हसत हसत सांगतात. इमारत उभी राहायला १९६५ साल उजाडले आणि तोवर टोरोंटोने १९६१ मध्ये आपले वेगळे हॉल ऑफ फेम थाटलेही होते. आज लोक ज्याला हॉल ऑफ फेम म्हणून ओळखतात ते टोरोंटोचेच, एका जुन्या बँकेच्या देखण्या इमारतीतले. किंग्स्टनला मूळ संग्रहालय आणि थोडी हळहळ एवढे उरले.

दुसरा दिवस : किंग्स्टन

सभागृह लहान होते आणि भिंतीला टेकून मांडलेल्या टेबलांवर जुने कार्यक्रमपत्रक, संघांची छायाचित्रे, वृत्तपत्रांच्या कात्रणांच्या फायली असा पसारा होता. कॉफी टिम हॉर्टन्सची होती, आणि इथे ती दुसऱ्या कोणाची असूच शकत नव्हती, कारण कॅनडाच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेल्या या दुकानांना ज्याचे नाव आहे तो टिम हॉर्टन टोरोंटो मेपल लीफ्सचा बचावपटू होता. पहिले दुकान १९६४ मध्ये हॅमिल्टनला निघाले आणि दहा वर्षांनी तो मोटार अपघातात गेला. जमलेल्यांत निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, दोन वकील, एक दंतवैद्य, काही प्राध्यापक आणि संख्याशास्त्राच्या नादाला लागलेला एक तरुण अभियंता होता. मानधन कोणालाच मिळत नाही. उलट सूक्ष्मपटांच्या प्रती, जन्मदाखले, प्रवास हे सगळे प्रत्येक जण स्वतःच्या खिशातून करतो.

सकाळचे मुख्य व्याख्यान एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचे होते आणि त्याचा विषय होता ३ मार्च १८७५ ची संध्याकाळ. माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, छपराखाली, नऊ-नऊ खेळाडूंच्या दोन संघांत त्या दिवशी झालेला सामना हा बंदिस्त जागेत, आधी जाहीर करून खेळला गेलेला पहिला ज्ञात सामना मानला जातो. एका संघाचा कर्णधार जेम्स क्राइटन होता. बाईंनी पडद्यावर एकामागून एक कात्रणे दाखवली आणि प्रत्येकासमोर फक्त वृत्तपत्राचे नाव आणि तारीख सांगितली, भाष्य नंतर केले.

पहिले कात्रण सामन्याच्या दिवशीच्या माँट्रियल गॅझेटचे. चेंडू इकडेतिकडे उडून प्रेक्षकांना इजा होईल, अशी काहींना धास्ती वाटत आहे, परंतु खेळात लाकडाची चपटी गोल चकती वापरली जाणार असल्याने ती बर्फाचा पृष्ठभाग सोडण्याचा धोका नाही, असा दिलासा त्यात दिलेला आहे. आजच्या रबरी चकतीचा, म्हणजे पकचा, पूर्वज या चार ओळींत, प्रेक्षकांची काळजी म्हणून, अवतरतो. दुसरे कात्रण दुसऱ्या दिवशीच्या गॅझेटचे. आठ फूट अंतरावर रोवलेल्या निशाणांमधून चकती न्यायची, क्राइटनच्या संघाने दोन विरुद्ध एक असा विजय मिळवला, खेळ साडेनऊच्या सुमारास संपला आणि प्रेक्षक संध्याकाळच्या करमणुकीने समाधानी होऊन घरी परतले. सगळे कसे सुरळीत.

मग तिसरे कात्रण, त्याच दिवशीच्या डेली विटनेसचे. खेळ चालू असताना काही मुले मध्येच स्केटिंग करत होती, त्यावरून वाद झाला, एका लहान मुलाच्या डोक्यात फटका बसला, मारणाऱ्याला जाब विचारला गेला आणि चांगली मारामारी होऊन एक बाक मोडले. चौथे कात्रण किंग्स्टनच्या ब्रिटिश व्हिगचे. नडग्या आणि डोकी फुटली, बाके मोडली आणि बघायला आलेल्या स्त्रिया गोंधळून पळाल्या, असे ते लाजिरवाणे दृश्य तिथे रंगवलेले आहे. सभागृहात हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, की किंग्स्टनच्या बातमीदाराने हे स्वतः पाहिले होते काय? तो तिथे असल्याचा पुरावा नाही. मग त्याच्या मजकुराचे वजन विटनेसपेक्षा कमी धरले पाहिजे. आणि गॅझेटने मारामारी का गाळली? बहुधा तिथे खेळणारे तरुण ज्या वर्गातले होते, त्याच वर्गात ते वृत्तपत्र वाचले जात होते. एक बाक मोडला की अनेक, हा प्रश्न फालतू वाटेल. पण इतिहास असाच बाकांच्या हिशेबाने लिहावा लागतो, हे मला त्या तासाभरात पटले.

खरी कलाटणी दुसऱ्याच कात्रणात होती आणि ती मी पहिल्या वाचनात ओलांडून गेलो होतो. सामन्याचे वर्णन सुरू करताना गॅझेटचा बातमीदार लिहितो, की न्यू इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या इतर भागांत बर्फावरची हॉकी चांगलीच लोकप्रिय असली, तरी आपल्याकडे ती फारशी माहीत नाही. म्हणजे ज्या कागदाला खेळाचा जन्मदाखला म्हणून नाचवले जाते, तोच कागद खेळ इतरत्र आधीपासून चालू असल्याचे सांगतो.

दुपारी हाच धागा पुढे गेला. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले विंडसर हे गाव आपल्याला हॉकीचे जन्मस्थान म्हणवून घेते. त्याचा आधार म्हणजे तिथे जन्मलेला लेखक टॉमस हॅलिबर्टन याने १८४४ मध्ये लिहिलेला एक ललित मजकूर, ज्यात शाळेतली मुले गोठलेल्या तळ्यावर हर्ली हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळत असल्याची आठवण एका पात्राच्या तोंडी घातलेली आहे. या दाव्याची छाननी करायला संस्थेने समिती नेमली होती. समितीने आधी व्याख्या बांधली : बर्फाचे मैदान, दोन प्रतिस्पर्धी संघ, पायांत स्केट, वाकड्या काठ्या, चेंडू किंवा चकतीसारखी लहान वस्तू आणि समोरच्या गोलात ती घालण्याचा उद्देश. ही सहा लक्षणे जिथे एकत्र सापडतील तिथे हॉकी. २००२ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की विंडसरच्या कागदात ही लक्षणे पूर्ण होत नाहीत. विंडसरकरांना तो अर्थातच मान्य झाला नाही.

पण व्याख्या दुधारी ठरली. कार्ल गिडेन आणि पॅट्रिक हाउडा हे दोन स्वीडिश अभ्यासक आणि क्वेबेकचे ज्याँ-पात्रीस मार्तेल यांनी तीच व्याख्या हातात धरून इंग्लंडकडे मोर्चा वळवला आणि २०१४ मध्ये आपले पुरावे मांडले. १७९७ सालच्या एका लंडनच्या चित्रात स्केट घातलेला माणूस काठीने एक बूच ढकलताना दिसतो. आणि १ मार्च १८५३ रोजी चार्ल्स डार्विन आपल्या शाळकरी मुलाला, विल्यमला, पत्रात विचारतो की तुमच्याकडे स्केटिंगला बरे तळे आहे का, मला स्केट घालून बर्फावर हॉकी खेळायचा फार शौक होता. डार्विन श्रूसबरीच्या शाळेत होता तो काळ १८१८ ते १८२५. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा माणूस या वादात साक्षीदार म्हणून उभा राहावा, यात काव्यगत न्याय आहे, असे एक वकील म्हणाले ते मला आवडले.

शिवजयंतीच्या तिथीचा वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना या सगळ्यातली चव कळेल. जेधे शकावली उजेडात येऊन १६२७ की १६३० हा प्रश्न नव्याने उभा राहिला, तेव्हा ज्या तऱ्हेने शब्द, तारखा, नकलाकार आणि साधनांचा दर्जा तपासला गेला, तीच तऱ्हा इथे एका लाकडी चकतीसाठी चालली होती. माझे मत विचाराल, तर ‘पहिला खेळ कुठे’ हा प्रश्न बर्फ आणि काठी असलेल्या कोणत्याही देशात न संपणारा आहे. माँट्रियलचे श्रेय वेगळे आणि पक्के आहे : संघ, जागा, वेळ, निकाल आणि वृत्तांत हे सगळे एकत्र आले, आणि त्यानंतर साखळी तुटली नाही. १८७७ मध्ये मॅगिल विद्यापीठाचा क्लब निघाला, त्याच वर्षी गॅझेटमध्ये नियम छापले गेले, १८८३ मध्ये हिवाळी महोत्सवात स्पर्धा झाली, १८८६ मध्ये संघांची संघटना उभी राहिली. आणि ते छापलेले सात नियम बहुतांश शब्दशः इंग्लंडच्या गवतावरच्या हॉकीचे होते, मैदानाच्या जागी फक्त बर्फ आला होता. ध्यानचंद, धनराज पिल्ले आणि कॅनडाचा महान आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांची वंशावळ अशी एकाच छापील पानापाशी जुळते.

तिसरा दिवस : किंग्स्टन

दुसऱ्या दिवसाइतके जड काही आज नव्हते. सकाळी लहान लहान निबंध वाचले गेले आणि काही वस्तू हातोहात फिरल्या. १८८६ मध्ये क्वीन्स आणि मिलिटरी कॉलेज यांच्यात बंदराच्या बर्फावर झालेल्या सामन्यातला पक लॅक्रॉसचा रबरी चेंडू कापून केलेला आणि चौकोनी होता. त्याची प्रतिकृती माझ्या हातात आली. कडा बोथट, एक बाजू किंचित फुगीर, आणि वजन अपेक्षेपेक्षा जास्त. तो बर्फावर सरळ जात नाही, कोपऱ्यावर उलटतो आणि दिशा बदलतो. त्यासोबतची काठी गुडघ्याच्या थोडी वर येईल एवढीच, आपल्या गवतावरच्या जुन्या हॉकी स्टिकची सख्खी बहीण म्हणावी अशी. या काठ्या, हा पक आणि सात-सात खेळाडू घेऊन तो सामना इथे पुन्हा पुन्हा खेळून दाखवला गेला आहे. भाच्याने एका वर्षी त्यात भाग घेतला होता. पुढे पास द्यायची मुभा नाही म्हटल्यावर आजच्या खेळाडूची कशी त्रेधा उडते, ते त्याने सगळ्यांसमोर साभिनय सांगितले. ही मुभा नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेने पूर्णपणे दिली ती थेट १९२९-३० च्या हंगामात.

नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावरच्या मॉफट घराण्यातल्या काठीवरचा निबंध मला सगळ्यात आवडला. ती एका न्हाव्याच्या दुकानात वर्षानुवर्षे भिंतीला टेकून उभी होती. एका जाणत्याने ती हजार डॉलरला विकत घेतली, लाकडाची वर्षवलये तपासून घेतली आणि साखर मेपलच्या एकाच फांदीतून घडवलेली ती काठी १८३० च्या दशकातली असल्याचे दिसून आले. पात्यावर डब्ल्यू आणि एम ही अक्षरे कोरलेली आहेत. २०१५ मध्ये कॅनडाच्या इतिहास संग्रहालयाने तिच्यासाठी तीन लाख डॉलर मोजले. अशा काठ्या घडवण्यात तिथल्या मूळनिवासी मिकमाक लोकांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि पुढे त्यांच्या काठ्या नोव्हा स्कोशियातून देशभर विकल्या गेल्या, ही गोष्ट ‘जन्मगाव’ शोधणाऱ्यांच्या कथेत बराच काळ तळटीपेत होती.

दुसरा निबंध हॅलिफॅक्सच्या कृष्णवर्णीय संघांवर होता. बाप्टिस्ट चर्चच्या पुढाऱ्यांनी १८९५ च्या सुमारास तरुणांना चर्चकडे खेचण्यासाठी हे सामने सुरू केले. हॅलिफॅक्स युरेकाज, डार्टमथ जुबिलीज, आफ्रिकव्हिल सीसाइड्स अशी संघांची नावे होती. रिंक त्यांना मिळायची ती गोऱ्या संघांचा हंगाम संपल्यावर, बर्फ मऊ पडू लागल्यावर. हेन्री फ्रँकलिन हा त्यांचा गोलरक्षक बर्फावर लोळण घेऊन चकती अडवत असे, तर नॅशनल हॉकी लीगमध्ये गोलरक्षकाला तसे करण्याची परवानगी मिळाली ती जानेवारी १९१८ मध्ये. पहिला स्लॅपशॉटही, म्हणजे काठी मागे उगारून मारलेला जोरदार फटकाही, हॅलिफॅक्सच्या याच कृष्णवर्णीय संघांतल्या एडी मार्टिनचा, असे सांगितले जाते. तेवढ्यावर मागच्या रांगेतून आवाज आला : "तारीख? वृत्तपत्र?" वक्त्याने शांतपणे कबूल केले, की इथे आधार पातळ आहे. ‘पहिला’ हा शब्द आला की सगळ्यांनाच सारखे लागू पडणारे हे पथ्य मला फार मोलाचे वाटले, कारण सहानुभूतीपोटी इथे गप्प बसणे सोपे होते.

क्वीन्स विद्यापीठाच्याच एलिझाबेथ ग्रॅहम या विद्यार्थिनीने १९२७ मध्ये तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा घालून गोल राखल्याची नोंदही निघाली. दातांवर नुकताच झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून तिने तसे केले, असे सांगतात. झाक प्लांतने न्यूयॉर्कमध्ये तोंडावर चकती बसल्यानंतर मुखवटा घालून पुन्हा बर्फावर पाऊल ठेवले ते १ नोव्हेंबर १९५९ रोजी. दुपारी भाच्याला या ग्रॅहमबद्दल विचारले, तर विद्यापीठात त्याने तिचे नावही ऐकलेले नव्हते.

चौथा दिवस : माँट्रियल

आम्ही पाच-सहा जण पहाटेच्या गाडीने माँट्रियलला गेलो. स्टेशनपासून ड्रमंड आणि स्टॅनली या रस्त्यांच्या मधला तो भाग चालत जाण्याजोगा आहे. व्हिक्टोरिया रिंक १८६२ मध्ये उभी राहिली. तिला लाकडी कमानींचे उंच छत आणि गॅसचे दिवे होते, आणि बर्फाचे मैदान २०४ फूट लांब आणि ८० फूट रुंद होते. आजचे नॅशनल हॉकी लीगचे मैदान २०० बाय ८५ आहे. म्हणजे एका श्रीमंत क्लबने नाच आणि स्केटिंगसाठी जी जागा बांधली, तिच्याच मापात हा खेळ कायमचा बसला. आज तिथे मोटारी उभ्या करण्याची जागा आहे. सोबतच्या दंतवैद्यांनी जुना नकाशा उलगडून गोल कुठल्या टोकाला असावेत, याचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि गाडी बाहेर काढू पाहणाऱ्या एका चालकाला बराच वेळ थांबावे लागले.

तिथून पील रस्त्यावर विंडसर हॉटेलच्या उरलेल्या भागापर्यंत दहा मिनिटेही लागत नाहीत. या हॉटेलात २६ नोव्हेंबर १९१७ रोजी नॅशनल हॉकी लीगची स्थापना झाली. स्थापनेचे कारण उदात्त वगैरे नव्हते. आधीच्या संघटनेतल्या मालकांना टोरोंटोच्या एडी लिव्हिंगस्टन या मालकाशी जमेना, म्हणून त्याला वगळून बाकीच्यांनी नवी संघटना काढली. मूळ हॉटेल पाडून त्या जागी उंच इमारत आली आहे, नंतरची जोड इमारत तेवढी शिल्लक आहे.

मॅककॉर्ड संग्रहालयात विल्यम नोटमन यांच्या स्टुडिओचा प्रचंड छायाचित्रसंग्रह आहे. त्यातले १८७० च्या व्हिक्टोरिया रिंकमधल्या स्केटिंग सोहळ्याचे चित्र मी मोठ्या प्रतीत, भिंगाखाली पाहिले. राजपुत्र आर्थरच्या सन्मानार्थ झालेल्या या वेषभूषेच्या सोहळ्याला शहरातले सगळे बडे लोक आले होते. पण गॅसच्या प्रकाशात हलती माणसे टिपणे त्या काळच्या कॅमेऱ्याला शक्य नव्हते. म्हणून नोटमनने एकेका पाहुण्याला त्याच्या पोशाखासह स्टुडिओत बोलावून वेगवेगळे छायाचित्र काढले, ती कापली, रंगवलेल्या रिंकच्या पार्श्वभूमीवर चिकटवली आणि पुन्हा छायाचित्र घेतले. भिंगातून पाहिल्यावर शेजारशेजारच्या दोन माणसांच्या सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या दिसतात, आणि एकाचा स्केट बर्फाच्या किंचित वर तरंगतो. सुरुवातीच्या हॉकीची म्हणून फिरणारी काही छायाचित्रे याच तंत्राने बनवलेली असल्याने, संघात किती खेळाडू होते किंवा ते कसे उभे राहत, हे त्यांवरून ठरवणे धोक्याचे आहे, हे तिथल्या अभ्यासक बाईंनी बजावले.

संध्याकाळी ॲटवॉटरला जुने फोरम पाहिले. १९२६ ते १९९६ इथे माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ खेळत असे, आता चित्रपटगृहे आणि दुकाने आहेत. १७ मार्च १९५५ ची दंगल इथली. मोरीस रिशार या फ्रेंच भाषकांच्या लाडक्या खेळाडूला लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कँपबेल यांनी उरलेल्या हंगामासाठी बंदी घातली आणि स्वतः सामना पाहायला येऊन बसले. अश्रुधुराचे नळकांडे फुटले, सामना सोडून द्यावा लागला आणि जमाव सेंट कॅथरिन रस्त्यावर काचा फोडत गेला. क्वेबेकच्या राजकीय जागृतीची सुरुवात या रात्रीपासून मोजण्याची पद्धत आहे. आमच्यातल्या फ्रेंच भाषक प्राध्यापकांना ती अतिशयोक्ती वाटते. त्यावरून त्यांचा आणि वकिलांचा वाद जेवणाच्या टेबलावर दोन तास चालला.

पाचवा दिवस : ओटावा

क्राइटनचा माग शेवटी ओटावाला जातो. हा मनुष्य १८५० मध्ये हॅलिफॅक्सला जन्मला, माँट्रियलला अभियंता म्हणून आला, मग कायदा शिकला आणि १८८२ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९३० पर्यंत, सिनेटचा विधी अधिकारी राहिला. हॅलिफॅक्सवाले त्याच्या जन्मगावावर बोट ठेवून खेळ आमच्याकडूनच गेला, असे म्हणतात आणि या म्हणण्यात तथ्य असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. त्याने स्वतः मात्र आपण काही शोधून काढल्याचा दावा केल्याचे दिसत नाही. ओटावात तो रिडो हॉल रिबेल्स नावाच्या संघात खेळला. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांचे मुलगे आर्थर आणि एडवर्ड त्याच संघात होते, आणि त्यांची बहीण इझोबेल सरकारी निवासाच्या रिंकवर पांढऱ्या पोशाखात खेळत असे, तिचे १८९० च्या सुमाराचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. स्टॅनली यांनी मार्च १८९२ मध्ये देऊ केलेला चषक, जो आज नॅशनल हॉकी लीगच्या विजेत्याला मिळतो, दहा गिनींचा होता. १८७५ चा कर्णधार आणि स्टॅनली चषक यांच्यातले अंतर असे एका संघाएवढे आहे, हे मला या प्रवासाआधी ठाऊक नव्हते.

बीचवुड दफनभूमीत त्याच्या जागेवर जवळजवळ ऐंशी वर्षे दगडच नव्हता. संस्थेच्या सभासदांनी वर्गणी काढली आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये स्मृतिशिला बसवली. त्या प्रसंगी तेव्हा पंतप्रधान असलेले हार्पर हजर होते. आम्ही गेलो तेव्हा गवत नुकतेच कापलेले होते आणि शिलेवरचा मजकूर वाचताना दंतवैद्यांनी सवयीने तारखा आपल्या वहीशी ताडून पाहिल्या. त्या जुळल्या.

ओटावाहून टोरोंटोला परतणाऱ्या गाडीची वाट पाहताना ग्रंथपाल बाईंनी मला एक काम दिले. ब्रिटिश फौजा जिथे जिथे गेल्या तिथे बर्फावरच्या हॉकीच्या नोंदी सापडतात, मग हिंदुस्थानात कोणी शोधल्या आहेत काय, असे त्यांनी विचारले. सिमल्याची खुल्या आकाशाखालची स्केटिंग रिंक १९२० ची, आणि लेहमधला आजचा खेळ लष्कराच्या पाठबळावर वाढला, एवढे मी सांगू शकलो. त्याआधीच्या थंड हवेच्या छावण्यांत, गोठलेल्या तळ्यांवर, काय चालत असे? जुन्या टाइम्स ऑफ इंडियाचे अंक ग्रंथालयामार्फत संगणकावर वाचता येतात. १८६० ते १९२० ही साठ वर्षे आणि जानेवारी-फेब्रुवारी हे महिने मी पत्करले आहेत. ‘हॉकी’ या शब्दाने शोध घेतल्यास गवतावरचे हजारो सामने समोर येतील, म्हणून ‘स्केट’ आणि ‘तळे’ यांच्या जोडीने शोधावे, असे बाईंनी सुचवले आणि नोंद करण्यासाठी कोष्टकाचा नमुना दिला : वृत्तपत्र, तारीख, पान, स्तंभ, मूळ शब्द जसेच्या तसे.